उंदरांसाठी ठेवलेली ज्वारी

माझी मावशी मालनबाई हिला तिच्या गावानं चोर ठरवलं, त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. तरी एसटीत त्या गावचं कुणी शेजारी येऊन बसलं आणि ‘काय ताई, बरं हाय ना?’ म्हणालं की माझं डोकं फिरतं. मी तोंड फिरवून खिडकीबाहेर बघते. मला माणूसघाणी म्हणतात. म्हणू देत.

गाव धारूरच्या डोंगरात. दसरा झाला की अर्धं गाव बैलगाड्या जुंपून साखर कारखान्यांवर ऊस तोडायला जायचं आणि पाडव्याच्या सुमाराला परतायचं. मावशीही जायची. एका हंगामात डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून गाडीत चढताना ती पडली, गुडघा कायमचा गेला आणि कोयता सुटला. नवरा आधीच वारलेला, पोटी मूल नाही. मग ती गावात मागं राहू लागली, आणि ज्यांच्या घरी म्हातारं माणूससुद्धा मागं उरत नव्हतं ते सगळे आपली किल्ली तिच्या हवाली करून जाऊ लागले.

चोरांचं भय नव्हतं, कारण चोरानं न्यावं असं त्या घरांत काय होतं? भय होतं उंदरांचं. पाच-सहा महिने बंद असलेलं घर म्हणजे त्यांना रान मोकळं. परत येऊन कुलूप काढावं तर वाकळांचा भुगा झालेला, कणगीला भोक, बियाण्याच्या गाडग्यात लेंड्या.

मावशीनं हे सगळं बंद पाडलं. चिखलात फुटक्या बांगड्यांचा चुरा कालवून ती बिळं बुजवायची आणि वरून शेणानं लिंपायची. नुसत्या मातीनं बीळ बुजवणारा दिसला की त्याची खैर नसे. “उंदराला नवं दार करून दिलंस व्हय रं?” मोरीच्या तोंडाशी खिळ्यानं भोकं पाडलेला पत्रा बसवायची. वाकळा आढ्याला तारेनं टांगायची आणि तारेत मधोमध डालड्याच्या डब्याचं झाकण ओवायची, म्हणजे वरून उतरणारा उंदीर झाकणावरून घसरून खाली पडायचा. विषाला मात्र हात लावायची नाही. “बंद घरात मेला तर वास कोन काढील, तुजा बाप?” रोज कमरेला किल्ल्यांचा जुडगा लावून, लंगडत, ती काही घरं उघडायची, मिरच्यांची धुरी द्यायची, काठीनं भिंती ठोकत कान देऊन ऐकायची. आणि कारखान्यावर गेलेल्या मालकिणींना त्यांच्याच घरात उभी राहून शिव्या द्यायची. कोनाड्यात गूळ का म्हून ठेवला, दिव्यातलं तेल का म्हून सांडलं, माहेरी हेच शिकवलं का, असं मोठ्यानं. ऐकायला मांजरसुद्धा नसे.

एका गोष्टीवरून मात्र तिचं गावाशी दर वर्षी वाजायचं. घर अगदी रिकामं सोडू नये म्हणून बाया निघताना चुलीमागं गाडगं ठेवायच्या आणि त्यात चार मुठी ज्वारी. घरात लक्ष्मी राहते म्हणे. मावशी म्हणायची, “अगं, हे उंदराला आवतन हाय!” बाया हसायच्या आणि गाडगं ठेवायच्याच. गाड्या नजरेआड झाल्या की मावशी घरोघरची ज्वारी काढून घट्ट झाकणाच्या डब्यांत भरायची आणि पाडव्याच्या आधी ज्याची त्याच्या गाडग्यात परत घालायची. बायांना वाटायचं, लक्ष्मी राखणीला बसलीय.

शहाऐंशी साली पाऊस पडलाच नाही. रानात दाणा नाही म्हणून रानातले उंदीरही गावात उतरले. त्यात सोसायटीचं धान्य दुकान दिवाळीपासून बंद झालं. सेक्रेटरी म्हणाला, सभासदच कारखान्यावर गेले, माल कुणासाठी उचलायचा? चेअरमन आबासाहेबांनी मान डोलावली. त्यांच्या घरी दोन वर्षांचं धान्य होतं, त्यांना दुकानाची गरज नव्हती. मागं राहिलेली म्हातारी-कोतारी माणसं सभासदांत धरली जात नसावीत.

संक्रांतीला मी माझ्या गावाहून, दिंद्रुडहून, तिळगूळ घेऊन गेले, तर मावशी ओळखू येईना. गालफडं बसलेली, हाताला नुसती हाडं. जात्यावर दळत बसली होती.

“कुनाची जवारी गं?” मी विचारलं.

“डब्यातली. गाडग्यांची.”

मी घाबरले. म्हटलं, आत्ताच्या आत्ता माझ्याबरोबर दिंद्रुडला चल, आम्ही खातो त्यातलं खाशील. तिनं जुडगा वाजवून दाखवला. “आन् हे कुनाच्या गळ्यात बांधू? औंदा उंदीर लई हायेत. मी आठ दिस हलले तर एक वाकळ न्हाई उरायची.”

“पन लोक काय म्हनतील?”

“काय म्हनतील? आले की सांगन समद्यांला. चार मुठीसाठी मालनला कोन बोलनार हाय?”

तिला खरंच तसं वाटत होतं. शेत नाही, लेकरू नाही. गावात तिचा जो काही मान होता तो त्या किल्ल्यांवर होता. त्या मानाला चार मुठी ज्वारीनं धक्का लागेल हे तिच्या डोक्यातच येत नव्हतं. माझ्या येत होतं. म्हणून पाडव्याला मी मुद्दाम गेले.

गाड्या आल्या. मावशी एकेक कुलूप उघडून देत होती. बन्सी मुकादमाच्या बायकोनं, रतनबाईनं, वाकळा खाली काढल्या आणि नाकाला लावून पाहिल्या. उंदराचा वाससुद्धा नव्हता. “मालनमावशी, लई उपकार झाले,” ती म्हणाली. मावशी पुढच्या घराकडं वळली, तोवर रतनबाईनं चुलीमागचं गाडगं उचललं आणि किंकाळी फोडली. घरातली लक्ष्मी कुणी नेली? मग घरोघरी गाडगी पालथी झाली. मावशीला सांगायची सवडच मिळाली नाही. बघता बघता तिच्या दारात गाव गोळा झालं आणि बन्सी सगळ्यांच्या पुढं.

“भरवशानं किल्ली दिलती आमी. चोराच्या हातात दिली म्हनायची!”

आत्ताच उपकार मानणारी तोंडं होती ही. मला प्रत्येकाच्या कानाखाली वाजवावीशी वाटली.

आबासाहेब आले. गोड बोलण्यात त्यांचा हात धरणारा नव्हता. “वाढवू नका रे. पाडव्याचा दिवस हाय. मालनबाई, उंदरानं खाल्लं म्हना आन् मिटवून टाका.”

लोक जरा सैलावले. तेवढ्यावर मिटणार होतं. शेजारच्या भामाबाईनं मावशीला कोपरानं ढोसलं, “म्हन की गं.” मीही मनातून म्हणत होते, म्हण मावशी, एवढं एक वाक्य म्हण.

मावशी लाल झाली. “कंच्या उंदरानं?” ती ओरडली. “माझ्या हाताखालच्या घरात उंदीर? एक लेंडी दाखवा! वाकळ हुंगलीस ना गं रतन, आला वास? उंदीर शिरला न्हाई. मी खाल्लं! उपाशी व्हते म्हनून खाल्लं. सोसायटी बंद व्हती, चूल बंद व्हती, तरी तुमची घरं राखली. उंदरानं खाल्लं तर चालतंय, आन् मालननं खाल्लं तर चोरी व्हय? उंदरासाठी घरोघर ठेवून गेलता, माझ्यासाठी एकानं बी मूठभर का म्हून ठेवली न्हाई?”

आबासाहेब धोतराचा सोगा झटकत बसले. मग बन्सी म्हणाला, “म्हंजी कबूल केलं बाईनं.” एवढंच त्याच्या डोक्यात शिरलं होतं. मावशीनं कमरेचा जुडगा सोडून ओट्यावर टाकला आणि ज्यानं त्यानं आपापली किल्ली वेचून घेतली.

पुढच्या दसऱ्याला कुणी तिच्या दाराशी आलं नाही. कुलपं घातली, किल्ल्या करदोट्याला बांधल्या, चुलीमागं ज्वारी ठेवली आणि गाड्या गेल्या.

पाडव्याला मी पुन्हा मावशीकडं होते. दिवसभर गल्लीत झाडूचा आवाज येत होता. रतनबाई वाकळांच्या चिंध्या टोपल्यानं उकिरड्यावर टाकत होती. लेकीच्या लग्नासाठी घेतलेलं लुगडंही त्यात होतं. बन्सीचं बियाणं मातीत गेलं होतं. आबासाहेब रस्त्यानं चालले होते, त्यांना तो म्हणाला, “औंदा उंदीर लई झालेत, मालक.”

“व्हय, लई झालेत,” आबासाहेब म्हणाले आणि पुढं गेले.

मावशी ओट्यावर बसून ऐकत होती.

“उंदराला कुनी चोर म्हनलं का गं?” तिनं मला विचारलं.

“न्हाई,” मी म्हटलं.