शेडमधलं इंजिन

दोन वर्षं इकडे परदेशात, आमच्या ब्लँचर्डस्टाउनच्या घरासमोर एक जुनी, गोल पाठीची मोटार उभी होती आणि मी पावसात बसची वाट बघत उभी असायचे. नवऱ्याला ती विजेवर चालवायची होती. नागपूरला त्याच्या वडिलांकडे अशीच गाडी होती. ती विकली त्या दिवशी ते जेवले नव्हते म्हणे. आता ते आमच्याकडे आले होते आणि दसरा झाला की परत जाणार होते. त्याआधी त्यांच्या हाती तसलं स्टिअरिंग द्यायचं, हे नवऱ्याचं वेड. वेड त्याचं, निस्तरणं माझं.

फोर्कलिफ्टची जुनी विजेची मोटर दिवाणखान्यात, वायरी जिन्यावर, डाळीच्या डब्यांत नटबोल्ट. वैताग आला होता मला. शेजारचे कुंपणावरून बघून ‘ग्रँड, ग्रँड’ म्हणत, म्हणजे छान चाललंय. त्यांना काय जातंय म्हणायला.

काढलेलं इंजिन मागच्या शेडमध्ये गोधडीखाली पडून होतं. सासरे रोज चहा घेऊन तिथे जाऊन बसत. मला वाटायचं, घरात करमत नसेल.

दसऱ्याच्या सकाळी गाडी एकदाची चालू झाली. म्हणजे झाली असं नवरा म्हणाला, आवाज काहीच नव्हता. मी पूजेचं ताट केलं, अंगणातली शेवंती तोडली. सासऱ्यांचा पत्ता नव्हता, म्हणून आम्ही शेडमध्ये गेलो. इंजिन लख्ख पुसलेलं होतं. देवघरातलं हळदकुंकू त्याला लावून सासरे हात जोडून उभे होते.

“बाबा, गाडी बाहेर आहे.”

“हो रे, तिचीही करू. छान केलीस तू.” मग जरा थांबून म्हणाले, “पण माझी गाडी म्हणजे हे. दर रविवारी उघडायचो आणि तू टॉर्च धरायचास.”

वडिलांना जे परत द्यायचं, तेच नवऱ्याने सगळ्यात आधी उपटून काढलं होतं. मला त्याची फार दया आली, आणि त्या दोन वर्षांचा सगळा शीणही त्याच क्षणी अंगावर आला.

सासऱ्यांनी गाडीची पूजा केली, कॉलनीत एक चक्कर मारली आणि किल्ली नवऱ्याच्या हातात दिली.

दुपारी मला भाजी आणायची होती. शेडमध्ये डोकावले. सासरे इंजिन उघडून बसले होते, नवरा टॉर्च धरून उभा होता. मी पिशवी उचलली आणि बसनेच गेले.