आयुधपूजेला उतरवलेलं वजन

हे लिहावं की नाही, याचा मी बरेच दिवस विचार करत होते. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यातून भौतिकशास्त्राची विद्यार्थिनी. कृपा, प्रचीती असले शब्द मला पेलतील का, अशी शंका वाटायची. खरं सांगायचं तर अपघातानंतरच्या आठवड्यात माझी श्रद्धा पार डळमळली होती. मल्लेश्वरममधल्या घरून सायकलवर कॉलेजला निघाले होते. वळणावर टेम्पोने उडवलं आणि उजव्या मांडीचं हाड मधोमध मोडलं. आई रोज भवानीपुढे दिवा लावते, मग त्या सकाळी देवीचं लक्ष कुठे होतं, एवढंच मी छताकडे बघत विचारत राहायचे.

वॉर्डाचे मोठे डॉक्टर फार शांतपणे समजावून सांगत. हे शरीरातलं सगळ्यांत भक्कम हाड. तरुण माणसाचं ते सहजासहजी मोडत नाही, वाहनाची धडक किंवा उंचावरून पडणं असा मोठा दणका लागतो. मोडलं की मांडीचे दांडगे स्नायू दोन्ही तुकडे एकमेकांवर ओढतात आणि पाय आखूड होतो. म्हणून त्यांनी गुडघ्याखालच्या हाडातून एक पिन घातली होती. पिनेला बांधलेली दोरी पलंगाच्या टोकाच्या कप्पीवरून जाऊन खाली वजनं लोंबत होती. दसरा झाला की ऑपरेशन करून हाडाच्या पोकळीत सळई बसवायची होती. तोवर पाय ताणलेलाच राहायला हवा, नाहीतर तो आखूड जुळेल आणि जन्मभर लंगडावं लागेल, असं त्यांनी बजावलं होतं.

नवरात्राच्या नवव्या दिवशी आयुधपूजा आली. आमचं शिंपीकाम. त्या दिवशी अण्णा, म्हणजे माझे वडील, मशीनला आणि कात्रीला कुंकू लावतात, झेंडू वाहतात आणि दुसऱ्या दिवशीच्या पूजेपर्यंत त्यांना हात लावत नाहीत. वर्षभर राबणाऱ्या वस्तूला एक दिवस विसावा. सकाळी आई कुंकवाची डबी घेऊनच आली. कप्पीला फूल वाहिलं, वजनांना कुंकू लावलं आणि म्हणाली, "आठवडाभर लोंबकळतंय बिचारं. आजच्या दिवशी ह्यालाही विसावा नको का गं?" नर्सबाई दाराला तोरण बांधण्यात गुंतल्या होत्या. आईने वजनं अलगद उचलून स्टुलावर ठेवली. "उद्या पूजा करून परत टांगते."

कप्पीची गणितं मी वहीभर सोडवली होती. स्टुलावर ठेवलेलं वजन काहीच ओढत नाही, हे मला कळत होतं. पण पाय एकदम हलका झाला, आईचा चेहरा आठवड्यात पहिल्यांदा उजळला आणि मी गप्प राहिले. एवढ्या स्वल्प वेळात काय बिघडतंय, अशी मनाची समजूत घातली. दुपारी मांडीत गोळे येऊ लागले, तेव्हाही बोलले नाही. आता लाज वाटत होती.

चारच्या सुमारास अण्णा आले. हॉस्पिटलच्या वासानेच त्यांना घेरी येते, त्यामुळे आठवडाभर ते दुकानाची सबब सांगत होते. आज दुकानच बंद, सबब उरली नव्हती. हातात मंडक्कीचा, म्हणजे चुरमुऱ्यांचा, पुडा. पलंगाशी येताच त्यांनी खिशातून टेप काढली. "दिवाळीला ड्रेस शिवतो. माप घेऊ?"

"अहो, आज टेपला हात लावायचा नाही," आई म्हणाली.

"पूजेत ठेवायचीच विसरलो. खिशातच राहिली."

त्यांनी कमरेच्या हाडापासून घोट्यापर्यंत डावा पाय मोजला, मग सवयीने उजवा. पुन्हा मोजला. "हा सव्वा इंच कमी भरतोय."

"झोपलेल्या माणसाचं माप तसंच येणार," आई म्हणाली.

"तीस वर्षं मापंच घेतोय मी," म्हणत ते उठले आणि वॉर्डाबाहेर जवळजवळ पळतच गेले.

परतले ते मोठ्या डॉक्टरांना घेऊन. डॉक्टरांची रजा होती. ऑपरेशन थिएटरमधल्या हत्यारांच्या पूजेपुरते ते आले होते. कपाळावर कुंकू, मुठीत प्रसादाचे चणे. स्टुलाकडे बघून ते कन्नडमध्ये म्हणाले, "ह्याला रजा कुणी दिली?"

"मी," आई पुटपुटली.

"अक्का, आमचं ड्रिल, हातोडी, सगळं आज झोपलंय. हे एकटंच ड्यूटीवर आहे. ह्याला नाही झोपवायचं." त्यांनी स्वतः वजनं हळूहळू टांगली. रात्रभर तसंच राहिलं असतं तर स्नायू आवळून बसले असते आणि पाय पुन्हा लांबीवर आणणं कठीण झालं असतं, असं सांगून ते अण्णांकडे वळले. "टेलर, आम्हीही कमरेच्या ह्याच हाडापासून मोजतो."

आई रडायला लागली, तेव्हा मी कबूल केलं की मला सगळं कळत होतं.

"मग बोलली का नाहीस गं?"

"तू खूश दिसत होतीस."

"एक शिकलेली, एक भक्तीण. दोघींचं छान जमतं," अण्णा म्हणाले. मग रडता रडता आईलाही हसू आलं.

दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी सळई बसली. दोन्ही पायांची लांबी सारखी भरली.

दुकान सणामुळे बंद होतं, टेप विसरून राहिली, डॉक्टर पूजेसाठी आले. प्रत्येक गोष्टीचं कारण मला सांगता येतं. त्या तिन्ही माझ्याच पलंगाशी का जमल्या, हे सांगता येत नाही, आणि मी आता विचारतही नाही. शरण जायचं म्हणजे सगळं सैल सोडायचं, असं मला वाटायचं. त्या आठवड्यात कळलं की कुणीतरी आपल्याला ताणून धरलेलं असतं, ते सोसून पडून राहणं हीसुद्धा शरणागतीच आहे. देवीचे, अण्णांचे, डॉक्टरांचे आणि माझ्या भाबड्या आईचेही माझ्यावर उपकार आहेत. गुडघा अजून पूर्ण वाकत नाही, म्हणून सध्या नमस्कार उभ्यानेच करते. दोन्ही पायांवर सारखा भार देऊन.