भालेरावकाकांची शेवग्याची भुकटी

प्रभावतीबाईंचा आकडा पुन्हा खाली आला होता. मागच्या खेपेला तो इतका वर गेला होता की ब्रश करताना हिरड्यांतून रक्त यायचं. हृदयात धातूची झडप बसवली की रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते. रक्त किती पातळ झालंय ते आयएनआर नावाचा आकडा सांगतो. खाली गेला तर झडपेवर गुठळी, वर गेला तर रक्तस्राव. दोन्हीकडून जिवाला घोर.

गंगापूर रोडवरच्या एका हॉस्पिटलात मी डाएटिशियन आहे. हार्टच्या डॉक्टरांनी प्रभावतीबाई आणि त्यांचे यजमान भालेरावकाका यांना माझ्याकडे पाठवलं. "मॅडम, गोळी वाढवून-कमी करून मी थकलो. यांच्या ताटात काय चाललंय ते बघा."

पालेभाज्यांत व्हिटॅमिन के असतं. ते रक्त गोठायला मदत करतं, म्हणजे गोळीच्या नेमकं उलट. म्हणून पहिला प्रश्न तोच.

"पालक, मेथी काही?"

"नाय ओ मॅडम," भालेरावकाका म्हणाले. "डॉक्टरांनी सांगितल्यापासून घरात जुडी नाय आली."

"काढा, चूर्ण, आयुर्वेदिक औषध?"

"नाय. फक्त तुमच्या गोळ्या."

मग हे होतंय कशानं? माझं डोकंच चालेना. शेवटी विचारलं, "स्वयंपाक कोण करतं?"

"मीच. हिच्या ऑपरेशनपासून शिकलो." काका जरा लाजले. "मालेगावची लेक आली की ती करते. तिला माझ्या शेवग्याचा वास खपत नाय."

"कसला शेवगा?"

घरामागच्या झाडाचा पाला सावलीत वाळवून काका भुकटी करायचे. आमटीत, भाकरीच्या पिठात, जमेल तिथे ढकलायचे. बायकोचा अशक्तपणा जावा म्हणून. तसं त्यात वावगं काही नाही. त्या पाल्यात लोह आहे, कॅल्शियम आहे, प्रथिनं आहेत. पण व्हिटॅमिन 'के'सुद्धा भरपूर, आणि वाळवला की मूठभर पाला चमचाभरात मावतो. मी भाजी विचारली तेव्हा काकांच्या लेखी ते औषध होतं. औषध विचारलं तेव्हा ते घरचं होतं. भुकटीनं आकडा खाली यायचा, म्हणून डॉक्टर गोळी वाढवायचे. लेक आली की भुकटी बंद, वाढवलेली गोळी मात्र चालूच, म्हणून आकडा वर.

हे समजावलं तसा काकांचा चेहरा पार उतरला. "म्हणजे मीच हिच्या जिवावर उठलो होतो? आज घरी गेलो की डबा फेकतो."

"अजिबात नाही. एकदम बंद केलीत तर आकडा परत उडेल. रोज एकच सपाट चमचा, लेक असो नसो. डॉक्टर त्या हिशेबानं गोळी ठरवतील."

डॉक्टर आधी कुरकुरले, मग तयार झाले. रक्ताच्या तपासण्या थोड्या थोड्या दिवसांनी घेतल्या. आकडा हळूहळू जागेवर आला आणि तिथेच राहिला. मला मनापासून हायसं वाटलं.

त्यानंतरच्या एका भेटीत काका गोळ्या आणायला खाली गेले, तशा प्रभावतीबाई पुढे सरकल्या.

"मॅडम, मला ती भुकटी मुळीच आवडत नाही. कडू लागते."

"मग सांगायचं ना! गोळी जुळवून घेत हळूहळू बंद करू."

"नको, राहू द्या." त्या हसल्या. "ऑपरेशनच्या वेळी हे नुसते बाहेर बसून होते. माझ्यासाठी काहीच करता येत नाही म्हणून रडले होते. आता करतात ना काहीतरी."

मी रोजचा तो चमचा तसाच ठेवला. हल्ली नवीन पेशंटला काय खाता हे मी नंतर विचारते. आधी विचारते, घरी तुमची काळजी कोण घेतं.