थांब म्हटलं आणि पाणी थांबलं

मी शाळेत विज्ञान शिकवते. आमचं घर बौद्ध. भूत, करणी, अंगात येणं असलं काही कुणी बोललं की नाना - माझे वडील, निवृत्त शिक्षक - आधी पुरावा मागतात. त्यामुळे हे लिहिताना मलाच कसंतरी होतंय... पण झालं ते झालं.

ठिकाण बोरी, तालुका जिंतूर. गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट, दुपारचे अडीच वाजलेले. नानांना लकवा मारून तीन आठवडे झाले होते. परभणीच्या दवाखान्यातून दुसऱ्या दिवशी सुट्टी मिळणार होती आणि नाना अडून बसले.

"लेकीच्या हातानं आंघूळ करायची म्हंजे... न्हाई. त्यापरीस मला हितंच राहू दे."

घरी आम्ही दोघंच. न्हाणीघरातला नळ गोल चावीचा, आणि तो फिरवण्याइतकी पकड त्यांच्या हातात राहिली नव्हती. कोपरानं ढकलता येईल असा लांब दांडीचा नळ बसवला तर ते आपली आंघोळ आपण करतील, एवढी एकच आशा होती. प्लंबर नेमका मेहुणीच्या लग्नाला देवगाव फाट्याकडे गेलेला. मग मीच कंबर कसली.

हार्डवेअरच्या दुकानातल्या आप्पांनी नळ, टेप आणि पाना दिला नि बजावलं, "ताई, टाकीखालचा कॉक बंद केल्याबिगर हात लावू नका बरं का."

गच्चीवर जाऊन कॉक फिरवला. फिरला की! खाली येऊन एकदा नळ सोडून बघायला हवं होतं. तपासल्याशिवाय लिहू नका, असं पोरांना शंभरदा सांगणारी बाई मी! आमच्याकडे पाणी येतं आठ दिवसांनी, आणि टाकीचा कॉक वर्षानुवर्षं कुणी बंदच करत नाही. तो क्षारानं आतून गच्च झालेला. वरची चावी नुसतीच फिरली होती.

पान्यानं जोर लावला... जुना नळ तुटून हातात आला, आट्यांचा तुकडा भिंतीतच राहिला. पाणी असं उसळलं की माझा चष्मा उडाला. अंगठा दाबला तर बाजूनं चिळकांड्या. सोडावा तर टाकी रिकामी होणार, आणि उद्या नाना घरी आले की थेंब नाही. मला रडूच फुटलं.

"थांब की गं बाई! नाना यायलेत उद्या!" मी चक्क पाण्यावर ओरडले.

पाणी थांबलं.

हळूहळू नाही, एकदम. मी चष्मा शोधून डोळ्यांवर चढवला. मग पेचकस ठोकून तुटका तुकडा फिरवत फिरवत काढला, टेप गुंडाळली - आधी उलटी, मग सुलटी - आणि नवा नळ आवळला. वीस-पंचवीस मिनिटं तरी गेली असतील. शेवटी नकळत तोंडातून गेलं, "ये आता." नळात घरघर झाली. दांडी वर केली तर धो धो पाणी!

धावत गच्चीवर गेले. टाकी निम्मी भरलेली, कॉक तसाच अडकलेला.

"पायपात हवा धरली असंल," दुकानात जाऊन सांगितलं तर आप्पा म्हणाले.

"पाइपचं तोंड उघडं असताना?"

"त्ये बी खरं हाय," म्हणत ते दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळले.

दुसऱ्या दिवशी नाना आले. भीत भीत सगळं सांगितलं. "करून दाखव," एवढंच म्हणाले. मी नळ सोडून "थांब" म्हटलं. दोनदा, मोठ्यानं. पाणी आपलं चालूच! आणि नाना हसले. तोंड वाकडं झालेलं, तरी खदखदून हसले, दुखण्यानंतर पहिल्यांदाच.

"लय झालं तुजं विज्ञान. व्हय आता भाईर."

त्यांनी दार लोटलं. कडी दोनदा हातातून सुटली, तिसऱ्यांदा लागली. मग बादलीत पाणी पडायला लागलं. मी बाहेर डोळे पुसत विचार करत होते, काल ते थांबलं कसं?

तेवढ्यात आतून आवाज आला, "टावेल दाराला अडकव गं. आत यिऊ नको!"