मीटर बुडवला आमटीत

आता ही गोष्ट ऐकाल, आणि हातातला चहा खाली ठेवून माझ्याकडे बघत बसाल. हिच्यावर घर सोपवलं कोणी, असंही वाटेल. वाटू दे. माझ्या सासूबाईंना तर अजून वाटतं.

आमचं घर कशेळीला, खाडीच्या अंगाला. मागे कापड विणायच्या लूमची शेड. लूम विकून टाकले आणि माझे सासरे, आम्ही त्यांना आबा म्हणतो, रिकाम्या शेडकडे बघत ओटीवर बसून राहायला लागले. त्यातच बीपी एवढं वाढलं की दवाखान्यात ठेवावं लागलं. घरी आले ते बोलणं विसरूनच. डॉक्टरांनी सांगितलं, मीठ कमी करा आणि यांचं मन कशात तरी गुंतवा.

म्हणून मी शेडमध्ये पाइप लावून पुदिना आणि तुळशीसारखं ते बेझिल लावलं. माती नाही. टाकीत पाणी, पाण्यात खत, आणि पंपाने ते पाणी पाइपातून मुळांजवळून फिरतं. सोबत पेनासारखा एक मीटर मिळाला. पाण्यात बुडवला की विरघळलेले क्षार किती, ते दाखवतो.

आणि आबा खरंच सकाळी उठून शेडमध्ये जायला लागले. पानं हुंगायचे. "वास बरा हाय," एवढंच म्हणायचे, पण म्हणायचे.

मग उन्हाळा आला आणि पुदिना पिवळा पडला. मी म्हटलं, भुकेला असेल. खत वाढवलं. टाकीतलं पाणी उन्हाने आटलं की मी बोअरचं भरायचे आणि पुन्हा खत घालायचे. मीटरचा आकडा चढत गेला तशी मी खूश. आकडा जास्त म्हणजे खुराक जास्त, नाही का? तरी पानांच्या कडा जळायला लागल्या. मी अजून खत घातलं.

तिकडे आबांचं बीपी उतरेना. सासूबाई त्यांची आमटी वेगळी करायच्या, चिमूटभर मिठाची. माझ्या हातात मीटर होताच. बुडवला आमटीत. आकडा सरसर वर गेला आणि शेवटाला टेकला.

बघा हं, एकाच यंत्राचा आकडा. टाकीत मला खुराक वाटला, आणि आमटीत विष.

"आई, तुम्ही आबांना गुपचूप मीठ घालता," मी म्हणाले.

"चिमटीच घालते गं. तू बघतेस ना रोज?"

"मीटर खोटं बोलत नाही."

त्यांनी पदराला हात पुसले आणि मिठाची बरणी माझ्यासमोर ठेवली. त्यानंतर त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. आबांचं मीठ मी पूर्ण बंद केलं. ते दोन घास खायचे आणि ताट सरकवायचे. शेडमध्ये जाणंही थांबलं. जळका पुदिना बघवत नसणार.

एक दिवस ओटीवरून उठताना त्यांना चक्कर आली. डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी मला विचारलं, "मीठ कमी करा म्हटलं होतं. बंद करा कोणी सांगितलं?" सासूबाई शेजारीच बसल्या होत्या. त्यांनी भिंतीकडे बघितलं.

घरी येऊन मी खतवाल्याला फोन लावला. निदान पुदिना तरी वाचावा. त्याने आकडा विचारला. मी सांगितला, जरा अभिमानानेच.

तो म्हणाला, "ताई, पुदिना लावलाय की लोणचं घातलंय?"

"म्हणजे?"

"मुळांना एवढ्या क्षारात पाणीच ओढता येत नाही. वरून कुठलं पाणी घालता?"

"बोअरचं."

"ते मोजलंत कधी?"

आमटी मोजली होती. बोअर नव्हती मोजली. जाऊन मोजली, तर खत न घालताच आकडा भलताच वर. खाडी शेजारी, उन्हाळ्यात बोअरला खारं पाणी येतं हे गावात सगळ्यांना ठाऊक. मी मात्र त्या खाऱ्या पाण्यात खत ओतत होते, आणि घरातल्या माणसाच्या ताटातलं मीठ काढत होते.

टाकी रिकामी केली. पाइप धुतले. नळाचं पाणी भरलं, खत बेतानं घातलं, जळका पुदिना बुडापासून छाटला. पाण्याचा मीटर चिमूटभर मिठाच्या आमटीतही शेवटाला टेकतो, हे खतवाल्याकडून कळल्यावर सासूबाईंची माफी मागितली. त्या "हं" म्हणाल्या. आबांच्या आमटीत पुन्हा चिमूट पडायला लागली, डॉक्टरांनी गोळीही बदलली. हळूहळू ते जेवायला लागले, आणि एका सकाळी मला शेडमधून हाक आली, "पोरी, फुटवा आलाय."

त्या पुदिन्याची पहिली चटणी सासूबाईंनी वाटली. आबांनी बोटाने चाटली आणि मान डोलावली. मग सासूबाईंनी माझ्या ताटात वाढली. मी घास घेतला. पार अळणी.

"आई, माझ्या चटणीत मीठ राहिलं वाटतं."

त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "तुजा मीटर आन," म्हणाल्या. "तोच सांगल किती घालू ते."

मी ती चटणी तशीच खाल्ली. वर पुन्हा वाढूनही घेतली.