सव्वा मूठ कोणाच्या नावाची

अक्का गेल्याचं मला कळलं ते पुण्याहून. आमच्या दोन घरांत एक कंपाउंडची भिंत, आणि फोनवर त्यांचा मुलगा सुधीर. "काकू, जरा बघून या ना, भाडेकरीण म्हणतेय आई उठत नाहीये." मी गेले तेव्हा मागच्या खोलीत राहणारी कविता अक्कांचे तळपाय चोळत बसली होती. पाय गार पडले होते... आषाढातली गोष्ट. आता श्रावण तोंडावर आलाय, पण माझा राग काही उतरत नाही.

आमची कॉलनी जळगावातली, नोकरदारांनी हौसेनं बांधलेली. पोरं शिकली, पुण्याला गेली, तिथून आणखी पुढे गेली. शहर वाढतंय म्हणतात. वाढू दे; आमच्या गल्लीत नुसते दुखरे गुडघे उरलेत. लहान मूल दिसलं तर ते हमखास भाडेकरूचं. पण नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्या खानदेशात कानबाई देवी बसते, तिच्या नैवेद्याच्या गोड, जाड रोटांसाठी गहू घ्यायला बसलं की सुपात सगळे हजर. माणशी सव्वा मूठ, नाव घेऊन, मग तो माणूस इथं असो की अमेरिकेत. रोट बाहेरच्याला द्यायचा नाही. घरच्यांनीच खायचा आणि पुनवेच्या आत संपवायचा. अक्का अमळनेरकडच्या, रीतीला पक्क्या. मुलं, सुना, नातवंडं, सगळ्यांची मूठ घ्यायच्या आणि मग एकट्या बसून सगळ्यांच्या वाटचे शिळे रोट दुधात कुस्करून संपवायच्या. पोट बिघडायचं. मी काही बोलले तर डोळे वटारायच्या. सुधीर मात्र दरवर्षी न चुकता फोन करायचा, "आई, आमच्या नावाची घेतली ना?" येतो असं कधी म्हणाला नाही.

मागच्या वर्षी मी त्यांच्या शेजारीच बसले होते, गल्लीतल्या बायकाही होत्या. अक्कांनी पहिली मूठ स्वतःची घेतली. दुसरी घेताना म्हणाल्या, "सोनाली." सोनाली म्हणजे कविताची मुलगी. मग तिचा धाकटा भाऊ, मग कविता, मग तिचा नवरा. आणि सूप बाजूला सारलं. कोणीतरी चाचरत म्हणालं, "अक्का, सुधीरभाऊ राहिले."

"आठे कोन शे खावाले?" अक्का म्हणाल्या. "जो खाई, त्यानं नाव." इथं खायला आहे कोण, जो खाईल त्याचंच नाव.

त्या वर्षी एकही रोट शिळा झाला नाही. पोरांनी गंगाफळाच्या, म्हणजे लाल भोपळ्याच्या भाजीबरोबर चाटूनपुसून खाल्ले. अक्का पदर खोचून त्यांच्याकडे बघत बसल्या होत्या, भांडण जिंकल्यासारख्या.

दहाव्याला नेमकं हेच निघालं. बायका कुजबुजल्या, कानबाई कोपली. घरच्यांना वगळून परक्यांची मूठ घेतली, मग दुसरं काय होणार... ऐंशी पार केलेली बाई, बीपीच्या गोळ्यासुद्धा कविता आणून द्यायची, आणि हिला म्हणे देवीनं नेलं. सुधीर तिथंच उभा होता. मला वाटलं, आता बोलेल. तो मान हलवत म्हणाला, "आईनं असं करायला नको होतं." माझी तळपायाची आग मस्तकात गेली. देवीला कोपायचंच असेल तर तिला पुण्याचा पत्ता सापडत नाही का? तेराव्यानंतर त्यानं कविताला खोली रिकामी करायला सांगितलं. घर विकायला काढलंय.

काल त्याचा पुन्हा फोन. "काकू, घर बंद आहे, तर या वर्षी आमच्या नावाची मूठ तुमच्याकडेच घ्या ना. उगाच खंड नको."

"खायला येणार आहेस?"

"सुट्टी कुठे मिळते, काकू."

मी फोन ठेवून दिला. कविताचं बिऱ्हाड आता माझ्या गच्चीवरच्या खोलीत आहे. गल्लीला ते पटलेलं नाही, न पटो. मग मी नाशिकला माझ्या मुलाला फोन लावला आणि सांगितलं, रविवारी आलास तर तुझ्या नावाची मूठ घेईन, नाही आलास तर घेणार नाही. तो म्हणाला, "आई, तू चिडलीयेस का?"

हो, म्हटलं. चिडलेय.