शेटजींचं पुण्य आणि माझा ओटा

मंठ्यात माझ्या किराणा दुकानासमोर एका मारवाडी शेटजींचं कापडाचं दुकान होतं. रोज सकाळी ते गल्लीतल्या कुत्र्यांना तूप लावलेल्या पोळ्या घालायचे. कुत्री जेवायची त्यांच्या दारात आणि पोट हलकं करायची माझ्या ओट्यावर. जेवल्या जागी घाण करायची नाही, एवढी शिस्त त्या जनावरांना होती. तुपाचा वास पार लांबच्या धावडा गावापर्यंत गेला असणार, कारण तिकडचीही कुत्री मुक्कामाला आली. एकेक असं माजलं, की बैल वाट सोडायचे. गिऱ्हाईक माझ्या दुकानात उड्या मारत शिरायचं.

त्यात पिंपळगाव रेणुकाईचे पाहुणे मला बघायला येणार असा निरोप आला. आईनं बजावलं, "या खेपेला जमलं न्हाई, तर मंग बस जल्मभर कुत्रे हाकत!"

मी शेटजींना गाठलं. "शेटजी, पुण्य तुमचं आन् घाण माझी?"

"भाऊ, पोळी कुत्र्याच्या पोटात गेली की माझा हिसाब खतम. पुढचं कुत्रं जाणे."

मग मीच डोकं चालवलं. पाहुणे यायच्या दिवशी दिवस उगवतानाच माझ्या ओट्यावर गूळ-भाकरीचा ढीग घातला. कुत्र्यांनी तो फस्त केला आणि पलीकडं जाऊन पोळ्याही हाणल्या. आता दोन्ही दारं जेवणाची झाली! बिचारी क्षणभर गोंधळली आणि मग भर रस्त्यात पंगतीसारखी ओळीनं पोट हलकं करायला बसली.

झाडायला खराटा शोधतोय, तोच गाडी आली. मुलीचे वडील उतरले ते थेट त्या पंगतीच्या मधोमध. पाय तिथंच थबकला.

"कोनाचे हायेत हे कुत्रे?"

आईनं डोळे मिटले. शेटजी गादीवरून माझ्याकडं हात करत म्हणाले, "ह्यांचेच! तुपाबिगर पोळी घालत न्हाईत. आन् गल्लीबी रोज सोता झाडतेत, बिलकुल लाजत न्हाईत."

पाहुण्यांनी पाय दगडाला घासला आणि मला आपादमस्तक न्याहाळलं. "जिथं कुत्रं तूप खातं, तिथं माझी लेक उपाशी राहायची न्हाई. ठरलं!" आईनं डोळे उघडले. पाहुण्यांनी रस्त्याकडं बोट केलं. "मंग थांबलात कशाला, जावाईबापू?"

शेटजी लगबगीनं आत गेले आणि त्यांनी स्वतःचा खराटा आणून माझ्या हातात दिला. तो त्यांनी पुन्हा कधी मागितला नाही.